कॅमेरा घ्यायचाय? आधी पावलं मोजा!

छोट्या दोस्तांनो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळीच बेसाहून भाचीचा फोन आला.

"मामा, मी कॅमेरा घेऊन राहिली!"

"अगं वा! कुठला?"

"तेच तर विचारायचंय. चौसष्ट मेगापिक्सेलवाला घेऊ का?"

"कशाचे फोटो काढणार आहेस?" मी विचारलं.

पलीकडे एकदम शांतता! मग म्हणाली, "तू घरीच ये नं. दाखवते."

बेसा म्हणजे नागपूरच्या दक्षिण टोकाचं गाव. आता गाव कसलं, शहरच म्हणायचं! जिथे शेतं होती तिथे लेआउट पडले, त्यावर इमारती उभ्या राहिल्या. तरी मधूनमधून एखादा रिकामा प्लॉट उरलेला दिसतो. त्यात गवत वाढतं, पावसाचं पाणी साचतं. भाचीच्या इमारतीमागे असाच एक प्लॉट आहे. त्याच्या पलीकडे विजेचा खांब. त्या खांबाच्या तारेवर रोज सकाळी एक पाहुणा येऊन बसतो. बसलेला असताना मातकट दिसतो, पण उडाला की पंखांत निळाईचा असा काही झगमगाट होतो की बघतच राहावं. हा आपला नीलपंख. बरेच जण त्याला नीलकंठ म्हणतात आणि दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात.

भाचीने बाबांच्या मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. आकाश, तार, समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या, सगळं छान आलं होतं. नीलपंखाच्या जागी मात्र एक काळा ठिपका! "वर्गात दाखवला तर सगळे म्हणाले, हा तर कावळा आहे," ती फुरंगटून म्हणाली.

खरी अडचण पुढेच होती. प्लॉटवर बोर्ड लागला होता. दिवाळीनंतर तिथे बांधकाम सुरू होणार होतं. शिवाय शाळेत 'आपल्या घराजवळचे पक्षी' असं प्रदर्शन भरायचं होतं. आपल्या महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? ५ नोव्हेंबर हा 'पक्षीकोश' लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, तर १२ नोव्हेंबर हा थोर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. २०२० पासून हा सप्ताह सरकारी पातळीवर साजरा होऊ लागला.

भाचीजवळ ओवाळणीचे साठवलेले आणि आजीने दिलेले मिळून दहा हजार रुपये होते. एक पैसाही जास्त नाही. म्हणजे चुकायला जागा नव्हती!

तिघं मुलं, तीन गरजा

आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारची दोन मुलं येऊन बसली. कॅमेरा म्हटल्यावर कोण घरी बसेल?

चौथीतली चिमुरडी म्हणाली, "मला वाढदिवसाला मैत्रिणींना लग्गेच फोटो द्यायचाय. हातात!" दहावीतला दादा म्हणाला, "मला क्रिकेटच्या मॅचचे व्हिडिओ काढायचे आहेत. आईचा नवा मोबाइल आहे म्हणा."

बघा गंमत! तिघांनाही 'कॅमेरा'च हवा होता, पण प्रत्येकाचं काम वेगळं. एकच कॅमेरा तिघांना कसा चालेल?

दादाचा प्रश्न सर्वांत सोपा. घरात चांगला मोबाइल आहे आणि काम व्हिडिओचं, घरगुती फोटोंचं आहे. मग नवा कॅमेरा घ्यायचाच कशाला? मोबाइल स्थिर ठेवणारा एक छोटा स्टँड घेतला की झालं. 'काहीच विकत न घेणं' हासुद्धा एक निर्णय असतो, बरं का!

चिमुरडीला हवा तो झटपट छापणारा कॅमेरा. बटण दाबलं की फोटो कागदावरच बाहेर येतो. त्यातल्या 'मिनी' आकाराचा फोटो जेमतेम ६२ बाय ४६ मिलीमीटरचा असतो. कॅमेरा फार महाग नसतो, महाग असते ती फिल्म. एका पाकिटात फोटो दहाच. म्हणून दुकानात गेल्यावर कॅमेऱ्याच्या आधी पाकिटाची किंमत विचारायची आणि तिला दहाने भागायचं. तो झाला एका फोटोचा खर्च. त्यात बिघडलेले फोटोही धरायचे. हिशेब ऐकल्यावर चिमुरडीच्या आईने वेगळीच युक्ती काढली. मोबाइलवर फोटो काढायचे आणि चांगले आलेले तेवढेच स्टुडिओत छापून आणायचे!

उरली आमची भाची. तिचं काम मोबाइलनेही होणार नव्हतं आणि झटपट छापणाऱ्या कॅमेऱ्यानेही. कारण तिचा पक्षी लांब होता. पण किती लांब?

वीस मीटरचं गणित

भाचीने आईचा शिवणकामाचा टेप आणून आपलं पाऊल मोजलं. एक पाऊल अर्ध्या मीटरचं भरलं. मग इमारतीपासून खांबापर्यंत चालत गेली. बरोबर चाळीस पावलं, म्हणजे वीस मीटर.

आता तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं भिंग आठवा. भिंगाचं नाभीय अंतर जितकं जास्त, तितकी लांबची वस्तू मोठी दिसते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत हे अंतर '३५ मिमी कॅमेऱ्याच्या तुलनेत' असं दिलेलं असतं. जुन्या ३५ मिमी फिल्मवर एक फोटो ३६ मिलीमीटर रुंद यायचा. त्यावरून एक सोपं सूत्र मिळतं:

फोटोत मावणाऱ्या दृश्याची रुंदी = अंतर × ३६ ÷ नाभीय अंतर

चला, वीस मीटरचा हिशेब करू. नीलपंख साधारण ३० सेंटीमीटर लांब असतो.

मोबाइलचं नेहमीचं भिंग साधारण २४ चं. २० × ३६ ÷ २४ = ३० मीटर. म्हणजे तीस मीटर रुंद दृश्यात पक्षी शंभरावा हिस्सा! फोटो ४००० ठिपके रुंद असला तरी पक्ष्याच्या वाट्याला येतात फक्त ४०. कावळा दिसला त्यात नवल ते काय?

पाच पट झूमचा छोटा कॅमेरा, २८ ते १४० चा. दृश्य सुमारे ५ मीटर रुंद. पक्षी सतरावा हिस्सा. ओळखू येईल, पण रंग नीट दिसणार नाहीत.

वीस पट झूम, २५ ते ५०० चा. दृश्य १.४४ मीटर रुंद. पक्षी जवळजवळ पाचवा हिस्सा. हं, आता जमलं!

तीस पट झूम, २४ ते ७२० चा. दृश्य बरोबर एक मीटर रुंद. पक्ष्याने तिसरा हिस्सा भरून टाकला!

"म्हणजे मला निदान वीस पट पाहिजे!" भाची ओरडली. पाहिलंत? अजून एकाही दुकानात पाऊल टाकलं नव्हतं आणि अर्धी निवड झालीसुद्धा.

पण इथे एक सावधगिरी हवी. झूम दोन तऱ्हेचा असतो. भिंग पुढे-मागे सरकून होतो तो खरा, म्हणजे ऑप्टिकल झूम. दुसरा डिजिटल झूम. यात कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. १६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चार पट डिजिटल झूम केला, तर उरतो सोळावा हिस्सा, म्हणजे फक्त एक मेगापिक्सेल. हे काम घरी कात्रीनेही होतं! खरा झूम ओळखायचा कसा? भिंगाभोवती '४.५–९०' असे आकडे छापलेले असतात. मोठ्याला लहानाने भागा. ९० ÷ ४.५ = २०. झाला वीस पट.

मेगापिक्सेलचं गौडबंगाल

आता त्या 'चौसष्ट मेगापिक्सेल'कडे वळू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. जास्त ठिपके म्हणजे जास्त चांगला फोटो, असं आपल्याला वाटतं. पण आपल्याला लागतात किती?

चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके पुरतात. अल्बममधला फोटो ६ बाय ४ इंचांचा. म्हणजे १८०० × १२०० = २१,६०,००० ठिपके. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! वहीच्या मोठ्या पानाएवढा, म्हणजे ए-फोर आकाराचा फोटो छापायचा तरी सुमारे ८७ लाख ठिपक्यांत भागतं. दहा-बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा शाळेच्या प्रदर्शनाला पुरून उरतो.

भाचीच्या वर्गातल्या एकाने ऑनलाइन, स्वस्तात, खोक्यावर मोठ्ठा आकडा छापलेला कॅमेरा मागवला होता. फोटो आले धुरकट. अशा काही कॅमेऱ्यांत आतल्या चकतीला दिसणारे ठिपके थोडेच असतात, बाकीचे कॅमेरा अंदाजाने भरतो. पाच ओळींचं उत्तर अक्षर मोठं काढून पानभर पसरवावं, तसलाच प्रकार! सर तेवढ्याने जास्त मार्क देतात का?

ही आतली चकती, म्हणजे सेन्सर, फार महत्त्वाची. खिशात मावणाऱ्या बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत ती ६.२ बाय ४.६ मिलीमीटरची, करंगळीच्या नखाहूनही लहान असते. महाग कॅमेऱ्यांत १३.२ बाय ८.८ मिलीमीटरची असते. तिला 'एक इंची' म्हणतात, पण ती एक इंच मुळीच नाही! हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय. दोन्हींची क्षेत्रफळं काढून पाहा. मोठी चकती चौपट भरते. पावसात वाटीपेक्षा परातीत जास्त पाणी साठतं, तसा मोठ्या चकतीत जास्त उजेड साठतो. म्हणून संध्याकाळी, घरात, गणपतीच्या आरासीसमोर मोठ्या चकतीचा कॅमेरा फोटो छान काढतो. लहान चकतीच्या फोटोत अशा वेळी वाळू पसरल्यासारखे कण दिसतात.

मग सगळ्यांनी मोठी चकतीच का घेऊ नये? एक तर किंमत कितीतरी पट जास्त. दुसरं म्हणजे, मोठ्या चकतीला लांबचं दाखवणारं भिंगही मोठं लागतं, ते खिशात मावत नाही. त्यामुळे अशा बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांचा झूम कमीच असतो. २४ ते ७० चा झूम असेल, तर वीस मीटरवर दहा मीटरचं दृश्य दिसणार. नीलपंख पुन्हा ठिपकाच! खिशातल्या कॅमेऱ्यात लांबचा झूम, अंधारातही स्वच्छ फोटो आणि कमी किंमत, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणं कठीण. आपल्याला कुठली सोडता येईल ते ठरवायचं. भाचीचा पक्षी सकाळच्या लख्ख उन्हात बसतो. तिने 'अंधार' सोडला.

छत्तीस फोटोंची सहल

"मामा, तुझ्या लहानपणी कसं होतं?" चिमुरडीने विचारलं.

सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा दिला तो अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने. १८८८ साली त्याने शंभर फोटोंचा रीळ भरलेला कोडॅक कॅमेरा काढला. फोटो संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा! किंमत २५ डॉलर. मग १९०० साली एका डॉलरचा 'ब्राउनी' आला आणि मुलांनाही कॅमेरा परवडू लागला. आपल्याकडे घरोघरी होता अॅग्फाचा 'क्लिक थ्री'. त्याच्या एका रिळात फोटो यायचे फक्त बारा. आजोबांना विचारा, एकेका फोटोसाठी अख्खं घर नटूनथटून उभं राहायचं. पुढे 'खटाक्' अशी जाहिरात करणारा 'हॉट शॉट' आला.

माझा पहिला कॅमेरा छत्तीस फोटोंच्या रिळाचा होता. शाळेच्या रामटेकच्या सहलीत पस्तीस फोटो काढले आणि 'आत काय चाललंय' म्हणून मागचं झाकण उघडून पाहिलं! उजेड आत गेला, फोटो खलास. तेव्हापासून एक गोष्ट शिकलो. यंत्र हातात घेण्याआधी ते चालतं कसं, हे समजून घ्यावं.

फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने १९७५ साली बनवला. वजन साडेतीन किलोंहून जास्त, ठिपके फक्त दहा हजार आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद! पुढे असे कॅमेरे खिशात मावू लागले. २०१० साली जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या नोंदीनुसार जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. मग मोबाइलमध्येच चांगला कॅमेरा आला आणि २०२३ साली हा आकडा सुमारे ७७ लाखांवर उतरला. म्हणूनच आज दुकानात नवे छोटे कॅमेरे थोडे दिसतात आणि जे दिसतात ते महाग असतात. पण त्या बारा कोटींमधले कितीतरी अजून लोकांच्या कपाटात पडून आहेत!

दहा हजारांत वीस पट झूम हवा, तर भाचीला वापरलेला कॅमेराच शोधायला हवा होता.

बर्डीची वारी

शनिवारी आम्ही मेट्रोने बर्डीला गेलो. जुने कॅमेरे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात शिरलो. भाचीने वहीत तपासणीची यादीच करून आणली होती. तीच तुमच्यासाठी देतो:

१. कॅमेरा सुरू करा, झूम पूर्ण पुढे न्या, मागे आणा. करकर आवाज आला किंवा भिंग अडलं तर नको.

२. भिंगात मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी.

३. पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. त्यात काळे डाग दिसले तर आत धूळ आहे.

४. फ्लॅश, सगळी बटणं आणि मागचा पडदा तपासा.

५. बॅटरी फुगलेली नाही ना? चार्जर आहे का? नवी बॅटरी आज बाजारात मिळते का?

६. कार्ड कुठलं लागतं? काही जुन्या कॅमेऱ्यांना वेगळीच कार्डं लागतात, ती आता सहज मिळत नाहीत. फार जुन्या कॅमेऱ्यांना दोन जीबीपेक्षा मोठं साधं कार्डही वाचता येत नाही.

७. बिल घ्या. त्यावर कॅमेऱ्याचा नंबर आणि किती दिवसांत परत घेणार ते लिहून घ्या. बिल द्यायला कां-कूं केली तर सरळ बाहेर पडा.

पहिला कॅमेरा दिसायला चकाचक होता, लाल रंगाचा. भाचीचा जीव अडकला! पण कागदाच्या फोटोत डावीकडे दोन काळे डाग आले. तिने एक उसासा सोडला आणि कॅमेरा परत ठेवला. मला तिचं फार कौतुक वाटलं. दुसरा होता काळा, कडेने थोडा घासलेला. बारा मेगापिक्सेल, वीस पट झूम. सातही कसोट्यांना उतरला.

हिशेब असा झाला: कॅमेरा ७,२०० रुपये, जादा बॅटरी ६५०, कार्ड ४५०, पाऊच २००. एकूण ८,५००. उरले दीड हजार, ते फोटो छापायला राखून ठेवले. लक्षात ठेवा, खिशात दहा हजार असले म्हणजे दहा हजारांचा कॅमेरा घेता येत नाही!

आणि नीलपंख?

पहिल्या दिवशी वीस पट झूम करून भाचीने अकरा फोटो काढले. सगळे हललेले! वीस पट झूममध्ये पक्षी जसा मोठा दिसतो, तशी हाताची थरथरही मोठी होते. जुने फोटोग्राफर सांगतात, ५०० च्या भिंगाला निदान एक पाचशेवा सेकंद हवा. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवले, बटण अर्धं दाबून चित्र स्पष्ट होऊ दिलं, श्वास रोखला. पक्षीच उडाला! तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गच्चीवर. या वेळी जमलं.

फोटो फार ग्रेट नव्हता. तार थोडी आडवी आली होती. पण गळ्यावरच्या रेघा, तपकिरी छाती, पंखाची निळी कड स्पष्ट दिसत होती. त्याला आता कावळा कोण म्हणणार?

दिवाळी संपली आणि प्लॉटवर जेसीबी आला. दोन दिवसांत गवत गेलं, डबकं गेलं. नीलपंख त्या तारेवर दिसेनासा झाला. पक्षी सप्ताहात शाळेच्या फळ्यावर भाचीचा फोटो लागला. खाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नीलपंख. आमच्या घरामागे, बेसा. तारीख, वेळ सकाळी ७.' तिने एक प्रत आजीला दिली आणि एक घराच्या अल्बममध्ये लावली. फोटो संगणकातही साठवून ठेवले. कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांना कॅमेरा जरूर द्या, पण आधी महिनाभर घरातल्या मोबाइलवर फोटो काढू द्या. तो कुठे कमी पडतो हे मुलांनाच कळेल. तीच त्यांची खरी गरज. पैसे त्यांनी साठवले असतील तर हिशेबही त्यांनाच करू द्या. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिक्कीत मुळीच विसरू नका, बॅटरी बिघडते. पावसाळ्यात बुरशी टाळण्यासाठी बुटांच्या खोक्यात येणारी ओलावा शोषणारी छोटी पुडी पाऊचमध्ये टाका.

तर दोस्तांनो, कॅमेरा घ्यायचाय? मग आज दुकानाचा विचार नको. वही घ्या आणि तुम्हाला कशाचा फोटो काढायचाय ते लिहा. ते किती लांब असतं, उन्हात असतं की अंधारात, हलतं की स्थिर असतं, तेही लिहा. मग पावलं मोजा आणि आपलं वीस मीटरचं गणित पुन्हा करून पाहा. पक्ष्यांच्या घरट्याजवळ मात्र जाऊ नका आणि अनोळखी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, बरं का!

तुमच्या घरामागेही एखादी तार असेल. उद्या सकाळी पाहा बरं, तिच्यावर कोण बसतं ते!